नत्र : कारखान्यातले आणि गाठीतले



आपल्यापैकी ज्यांच्या घरी अजून थोडीफार शेती आहे, त्यांना बेवड म्हणजे काय हे सांगावयास नको. मुगाच्या बेवडावर रब्बीची ज्वारी जोमाने येते, भुईमुगाच्या रानात पुढे गहू घेतला तर खत कमी लागते, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. असे का होते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. आणि त्यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही, कारण युरोपातल्या नामांकित रसायनशास्त्रज्ञांनाही ते १८८६ पर्यंत उमगलेले नव्हते. द्विदल पिकाच्या मुळावर ज्या बारीक गाठी असतात, त्यांत राहणारे जीवाणू हवेतला नत्र पकडून पिकाला देतात, हे त्या साली सिद्ध झाले. तेव्हापासून माणसाच्या मनात एकच प्रश्न घोळत आहे. जे काम ही गाठ बिनबोभाट करते, ते आपल्याला हव्या त्या जागी, हव्या त्या जंतूकडून किंवा पिकाकडून करवून घेता येईल काय? या प्रश्नाचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

मी शास्त्रज्ञ नव्हे. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले, आणि त्यातली बरीच वर्षे रासायनिक कारखान्यांच्या फाटकावर गेली. अमोनियाची ओळख मला पुस्तकातून झाली नाही, नाकातून झाली. गळती झाली की ओला रुमाल तोंडावर धरून वाऱ्याला आडवे पळावयाचे, हा पहिला धडा मला एका जुन्या ऑपरेटरने दिला. हा वायू कसा करतात आणि कशासाठी करतात, हे मी मागाहून सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. आणि वाचता वाचता कारखान्यातून शेतात, आणि शेतातून जंतूच्या पोटात जाऊन पोचलो.

हवेच्या शंभर भागांत सुमारे अठ्ठ्याहत्तर भाग नत्र आहे. पीक या नत्रात आकंठ बुडालेले असते आणि तरीही नत्रावाचून पिवळे पडते. याचे कारण हवेतला नत्र सुटा नसतो. त्याचे दोन दोन अणू एकमेकांस तीन बंधांनी जखडलेले असतात, आणि इतका घट्ट जोड रसायनशास्त्रात क्वचितच आढळतो. तो जोड उकलून प्रत्येक अणूला तीन हायड्रोजन चिकटवले की अमोनिया तयार होतो, आणि मग वनस्पतीला त्याचा उपयोग करता येतो. सारी मेख त्या तीन बंधांत आहे.

आता १८८६ पूर्वीचा घोळ ऐकण्यासारखा आहे. फ्रान्समध्ये बुसिंगो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८३८ साली दाखवले की क्लोव्हर आणि वाटाणा यांच्या पिकात, पेरताना दिलेल्यापेक्षा अधिक नत्र सापडते. गहू आणि ओट यांच्यात सापडत नाही. म्हणजे आपल्या शेतकऱ्याचे म्हणणे त्याने तराजूवर मोजून दिले. परंतु पुढे त्याला वाटले की प्रयोग अधिक काटेकोर केला पाहिजे. म्हणून त्याने वाळू तापवून शुद्ध केली, झाडे बंद भांड्यांत वाढवली, आणि मग नत्राची वाढ काही दिसेना. इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या प्रायोगिक शेतीवर लॉझ, गिल्बर्ट आणि प्यू या तिघांनी १८५७ पासून याहूनही कडक प्रयोग केले. माती भाजली, हवा धुऊन घेतली, पाणी गाळून घेतले. निष्कर्ष तोच निघाला : वनस्पती हवेतला नत्र घेत नाहीत. हा निष्कर्ष पंचवीस वर्षे प्रमाण मानला गेला. माती भाजताना त्यांनी नेमके ते जीवाणूच मारून टाकले होते. कामगारांना फाटकाबाहेर काढावयाचे, आणि कारखाना काही माल काढत नाही असा अहवाल लिहावयाचा, असा हा प्रकार झाला. पण त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नको. तो पुढे दिसून आला.

जर्मनीत बर्नबर्ग येथे हेलरीगेल आणि विल्फार्थ हे दोघे वाळूच्या कुंड्यांत पिके वाढवीत होते. ओटचे पीक सरळ वागे. जितके नत्रयुक्त खत द्यावे तितके वाढे, न दिल्यास खुरटे. वाटाणा मात्र लहरीपणा करी. खत न दिलेल्या कुंड्यांपैकी काहींतली रोपे उपासमारीने मरत, तर शेजारच्याच कुंडीतले रोप काही दिवस पिवळे राहून एकाएकी हिरवेगार होई. दुसऱ्या कोणी या लहरींची सरासरी काढून विषय मिटवला असता. या दोघांनी कारण शोधले. शेतातल्या मातीचे थोडेसे पाणी सगळ्या कुंड्यांत घातले तर सगळे वाटाणे हिरवे होत. तेच पाणी उकळून घातले तर एकही होत नसे. म्हणजे त्या पाण्यात काहीतरी सजीव होते. १८८६ साली बर्लिनच्या सभेत हेलरीगेलने हे जाहीर केले. लॉझ आणि गिल्बर्ट यांनी रॉथॅमस्टेडला प्रयोग पुन्हा केले आणि हे खरे असल्याची छापील कबुली दिली. १८८८ मध्ये हॉलंडात बायेरिंकने गाठीतला जीवाणू वेगळा काढून वाढवून दाखवला. बायेरिंक त्या वेळी डेल्फ्टच्या एका यीस्ट व मद्यार्क करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीस होता.

आता थोडा वेळ शेत सोडून वाळवंटात यावे लागेल, कारण ज्या काळात हे शोध लागत होते त्याच काळात युरोपची शेती गाठींवर चालत नव्हती. ती चिलीच्या सोऱ्यावर चालत होती. दक्षिण अमेरिकेतल्या आटाकामा वाळवंटातून हा सोरा खणून, मोठ्या काहिलींत उकळून, जहाजांनी युरोपात जाई. काही शेताला, काही दारूगोळ्याला. खाणमजुरांना पगार नाण्यांत मिळत नसे. कंपनीचे बिल्ले मिळत, आणि ते कंपनीच्याच दुकानात चालत. १९०७ च्या डिसेंबरात हे मजूर बायकामुलांसह इकीके बंदरात उतरले. त्यांच्या मागण्यांत बिल्ल्यांऐवजी पुऱ्या किमतीचे पैसे ही एक होती, आणि दुसरी अशी की उकळत्या काहिलींवर लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे माणसे आत पडणार नाहीत. २१ डिसेंबर रोजी सांता मारिया शाळेच्या आवारात लष्कराने त्यांच्यावर गोळीबार केला. मेलेल्यांचा आकडा काही शेकड्यांपासून दोन हजारांच्या वर सांगतात. नीट मोजणी कोणी होऊच दिली नाही. खताच्या इतिहासाच्या पुस्तकांत चिलीच्या सोऱ्याचे टनांचे आकडे पानोपानी असतात, त्या जाळीचा उल्लेख क्वचित असतो.

हा सोराही संपेल आणि गहू खाणारी राष्ट्रे उपाशी मरतील, असा इशारा विल्यम क्रुक्सने १८९८ मध्ये ब्रिस्टलच्या अध्यक्षीय भाषणात दिला होता. त्याला उत्तर आले जर्मनीतून. फ्रिट्झ हाबरने १९०९ च्या जुलैत कार्ल्सरूह येथे नत्र व हायड्रोजन यांच्यापासून थेट अमोनिया करून दाखवला, आणि बीएएसएफ कंपनीच्या कार्ल बॉशने त्याचा कारखाना उभारला. हा भाग कामगाराच्या नजरेने वाचण्याजोगा आहे. सुमारे दोनशे वातावरणांचा दाब आणि पाचशे अंशांच्या आसपास उष्णता; त्यात हायड्रोजन हा असा वायू की तो तापलेल्या पोलादातला कार्बन खाऊन टाकतो. बॉशच्या पहिल्या नळ्या काही दिवसांतच फुटल्या. शेवटी त्याने आत नरम लोखंडाचे अस्तर घातले आणि बाहेरच्या पोलादी कवचाला बारीक भोके पाडली, म्हणजे पाझरणारा हायड्रोजन निघून जाईल. भोके पाडून बळकटी आणणारा हा मनुष्य खरा कारागीर! लोखंडाचा योग्य उत्प्रेरक सापडण्यासाठी मिटाशने हजारो चाचण्या केल्या. १९१३ मध्ये ओपाऊचा कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी महायुद्ध लागले आणि शेतासाठी काढलेला नत्र तोफांकडे वळला.

ओपाऊच्या कोठारात १९२१ साली अमोनियम सल्फेट आणि नायट्रेट यांच्या मिश्रणाचा सुमारे साडेचार हजार टनांचा ढीग होता. हे मिश्रण ओल धरून दगडासारखे घट्ट होई. ते फोडण्यासाठी त्यात लहान लहान सुरुंग लावण्याची पद्धत होती. हजारो वेळा लावले होते, काही झाले नव्हते. २१ सप्टेंबरच्या सकाळी साडेसातच्या सुमारास झाले. पाचशेहून अधिक माणसे मेली, जवळचे गाव बव्हंशी उद्ध्वस्त झाले आणि कोठाराच्या जागी प्रचंड खड्डा पडला. ‘आजवर काही झाले नाही’ हे वाक्य मी व्यवस्थापनाच्या टेबलावर इतक्या वेळा ऐकले आहे की ओपाऊची तारीख मला पाठ झाली आहे.

तरीही हाबर-बॉश पद्धतीला नुसती नावे ठेवणे हा ढोंगीपणा होईल. आज जगातल्या सुमारे निम्म्या माणसांच्या अन्नातला नत्र या पद्धतीच्या कारखान्यांतून येतो, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्याकडे ट्रॉम्बे आणि थळ येथे जे खत होते, तेही याच मार्गाने. परंतु या कारखान्याला नैसर्गिक वायू लागतो, तो बाहेरून आणावा लागतो, आणि शेतात टाकलेल्या युरियाचा बराच भाग पिकाच्या तोंडी न पडता पाण्यात किंवा हवेत जातो. म्हणून जंतूकडे पुन्हा पाहण्याची गरज संपली नाही.

तर हा जंतू दोनशे वातावरणांचे काम साध्या मातीत, साध्या उष्णतेत कसे करतो? तो एका एन्झाइमच्या, म्हणजे विकराच्या, साह्याने करतो. त्या विकराचे नाव नायट्रोजिनेज. मॉलिब्डेनम या धातूचा किंचित अंश असल्याशिवाय नत्र पकडण्याचे काम होत नाही, हे जर्मनीत बॉर्टल्सने १९३० मध्ये दाखवले होते. परंतु जंतू फोडून त्याच्या रसातून हे काम करवून घेण्याचे प्रयत्न पुढे तीस वर्षे फसत राहिले. एखाद्या दिवशी काम झाल्यासारखे वाटे, दुसऱ्या दिवशी तोच रस निर्जीव. अखेरीस १९६० मध्ये अमेरिकेत ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्नाहान, मॉर्टेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते खात्रीने साधले. त्यांनी प्राणवायूशिवाय जगणारा क्लॉस्ट्रिडियम हा जीवाणू घेतला, सगळे काम हवा बंद ठेवून केले, आणि रसात पायरुव्हेट हा पदार्थ भरपूर घातला. पूर्वीच्यांच्या अपयशाचे एक मोठे कारण यातून कळले : हा विकर प्राणवायूच्या स्पर्शाने मरतो, आणि त्याला इंधन सढळ हाताने लागते. तीन वर्षांनी दुआ आणि बरिस यांनी आणखी एक खोड उघड केली. प्रयोगशाळेत नाजूक विकर बर्फात जपून ठेवण्याची रीत असते; या विकराचा एक भाग बर्फाच्या थंडीतच बिघडतो. ज्याने जपावे त्यानेच मारावे, असे कित्येकांच्या हातून झाले असेल.

या विकराचे दोन भाग आहेत. पहिले प्रथिन लहान. त्यात लोह आणि गंधक यांचा एक पुंजका असतो. याचे काम हमालाचे. ते एका खेपेस एकच इलेक्ट्रॉन उचलते, दुसऱ्या, मोठ्या प्रथिनाला जाऊन चिकटते, इलेक्ट्रॉन उतरवते, सुटते आणि परत फिरते. प्रत्येक खेपेला एटीपी या पदार्थाचे दोन रेणू खर्ची पडतात. एटीपी म्हणजे पेशीतले रोख नाणे समजा. नत्राचा एक रेणू फोडण्यासाठी अशा आठ खेपा, म्हणजे सोळा एटीपी. त्यांतल्या सहा खेपांचा अमोनिया होतो आणि दोन खेपा हायड्रोजन वायू होऊन उडून जातात. हा दोन खेपांचा तोटा चुकवता येत नाही. नत्राने जागा घ्यावयाची तर तेथला हायड्रोजन आधी निघावा लागतो.

मोठ्या प्रथिनाच्या पोटात प्रत्यक्ष कामाची जागा आहे. तेथे सात लोह, नऊ गंधक, एक मॉलिब्डेनम आणि होमोसायट्रेट नावाचे एक आम्ल यांची एक चिमुकली रचना आहे. कॅलिफोर्नियात रीस आणि किम यांनी १९९२ मध्ये क्ष-किरणांनी तिचे चित्र काढले, तेव्हा मधोमध जागा रिकामी दिसली. २००२ मध्ये अधिक बारकाईने पाहता तेथे एक हलका अणू दिसला. तो कोणता यावर नऊ वर्षे वाद चालला, आणि २०११ मध्ये तो कार्बनचा ठरला. एका अणूसाठी नऊ वर्षे! आणि एवढे होऊनही नत्राचा रेणू या रचनेवर नेमका कोठे बसतो आणि त्याचे बंध कोणत्या क्रमाने तुटतात, याबद्दल तज्ज्ञांत अजून एकमत नाही.

हे काम अतिशय सावकाश चालते. पुष्कळसे विकर सेकंदाला शेकडो, हजारो रेणू उरकतात. नायट्रोजिनेज सेकंदाला नत्राचा जेमतेम एखादा रेणू उरकते. म्हणून जंतूला हे विकर मोठ्या प्रमाणावर करून ठेवावे लागते. कित्येकदा पेशीतल्या सगळ्या प्रथिनांचा दहावा हिस्सा एवढ्यावरच खर्च होतो. जंतू नत्र ‘फुकट’ देतो असे आपण वाचतो, ते खरे नाही. गाठीतल्या जंतूला भुईमूग आपल्या पानांत केलेली साखर पुरवतो, तेव्हा ते सोळा एटीपी उभे राहतात. मजुरी कोणीतरी देतच असतो.

आणि प्राणवायूचे काय? जंतूला श्वासासाठी तो हवा आणि विकराला तो वर्ज्य. द्विदल झाडाने यावर काढलेला तोडगा आपल्यापैकी कोणालाही पाहता येतो. भुईमुगाचे ऐन वाढीतले झाड उपटा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसेल. आपल्या रक्तात आहे त्याच जातीचे ते द्रव्य आहे, आणि जपानात कुबोने १९३९ मध्ये ते ओळखले. ते प्राणवायू धरून ठेवते आणि जंतूला मोजून मापून देते. गाठ आतून पांढरी असेल तर काम सुरू नाही, हिरवट असेल तर संपले. अझोटोबॅक्टर हा जंतू गाठीशिवाय मोकळ्या मातीत राहतो; त्याची युक्ती वेगळी आहे. प्राणवायू फार वाढला की एक छोटे प्रथिन येऊन विकराच्या दोन्ही भागांना जखडून निष्क्रिय करते, आणि धोका टळला की सोडून देते. हे प्रथिन शेठना या भारतीय संशोधकाच्या नावाने ओळखले जाते. आम्ही याला टाळेबंदी म्हटले असते. फरक इतकाच की ही टाळेबंदी यंत्र वाचवण्यापुरती असते, उपाशी मारण्यासाठी नसते.

हा विकर असा नाजूक, खर्चिक आणि मंद. तो एका जंतूतून दुसऱ्यात नेता येईल का? इंग्लंडात ससेक्स विद्यापीठात नत्रावर संशोधन करणारे एक सरकारी केंद्र होते. जोसेफ चॅट हे प्रमुख आणि जॉन पोस्टगेट हे त्यांचे सहायक. पोस्टगेट यांच्या हाताखाली रे डिक्सन नावाचा एक तरुण विद्यार्थी होता. क्लेब्सिएला या जंतूत नत्र पकडण्याची जनुके एकमेकांना लागून, एका ओळीत आहेत, ही गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. जंतू एकमेकांना चिकटून जनुके देतात-घेतात, त्या मार्गाने डिक्सनने ही ओळ एश्चेरिशिया कोलाय या, आपल्या आतड्यांत राहणाऱ्या जंतूच्या एका वाणात पोचवली. १९७२ मध्ये त्यांनी जाहीर केले की, ज्याच्या जातीने कधी नत्र पकडला नव्हता असा जंतू आता नत्र पकडत आहे. त्याची परीक्षा वेल्डिंगवाल्यांच्या ओळखीची आहे. ॲसिटिलीन वायूतही तीन बंधांचा जोड असतो, आणि नायट्रोजिनेज तोही उकलते. त्यापासून इथिलीन, म्हणजे आढीतले आंबे पिकवणारा वायू, तयार होतो. बाटलीत ॲसिटिलीन सोडावयाचा आणि इथिलीन निघाला का ते पाहावयाचे. १९६६ मध्ये सापडलेल्या या स्वस्त परीक्षेने साध्या प्रयोगशाळांनाही हे क्षेत्र खुले केले.

१९७२ च्या बातमीने केवढी खळबळ उडाली असेल, याची कल्पना करा. आतड्यातला जंतू जर हे शिकला, तर गहू का शिकणार नाही? लवकरच धान्ये स्वतःचे खत स्वतः करू लागतील, असे लोक उघड बोलू लागले. १९८१ मध्ये जनुकांची ती सगळी ओळ यीस्टमध्ये घालण्यात आली. ओळ तेथे सुखरूप राहिली, यीस्टबरोबर वाढली, आणि तिने काडीचे काम केले नाही.

का केले नाही, हे समजण्यात पुढची तीस वर्षे गेली. क्लेब्सिएलाच्या त्या ओळीत सुमारे वीस जनुके आहेत. त्यांपैकी प्रत्यक्ष विकर घडवणारी फक्त तीन. बाकीच्यांत कोणी मॉलिब्डेनमची ती चिमुकली रचना दुसऱ्याच एका सांगाड्यावर बांधून मग विकरात आणून बसवतो. कोणी तिच्या मधला कार्बन घालण्याचे काम करतो. कोणी होमोसायट्रेट तयार करतो. कोणी इलेक्ट्रॉन आणून देतो. दोन जण मुकादम आहेत : एक काम सुरू करतो, दुसरा प्राणवायू आला, किंवा आयता अमोनिया मिळू लागला, की पहिल्याला धरून काम बंद पाडतो. शिवाय या सगळ्यांचे प्रमाण ठरलेले आहे. कोणी जास्त झाला तरी बिघाड, कमी झाला तरी बिघाड. कोलायमध्ये जंतूचेच यंत्र होते, म्हणून तेथे ही मंडळी कामाला लागली. यीस्टचे आणि गव्हाचे यंत्र जनुके निराळ्या रीतीने वाचते. एका जंतूतली ओळ ते ओळीने वाचतच नाही. एखाद्या गिरणीतला साचा उपटून माळावर आणून ठेवला आणि कापड का निघत नाही म्हणून विचारले, तर गिरणीतला पोऱ्यासुद्धा हसेल. पण विकराच्या बाबतीत हे ध्यानात यावयास एवढा काळ लागला. मला तरी या सगळ्या इतिहासातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विकर ही सुटी वस्तू नाही. वीस जणांच्या पाळीचे ते काम आहे.

हे मान्य केल्यावर प्रयत्नांची रीत बदलली. २०१२ मध्ये अमेरिकेत व्हॉइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती ओळ जशीच्या तशी न उचलता पहिल्यापासून नवी लिहिली. जुने सारे हुकूम काढून टाकले, प्रत्येक जनुकाला आपण ठरवलेला नवा हुकूम दिला. काम झाले, परंतु मूळच्या दहाव्या हिश्शाहून कमी. दोन वर्षांत शेकडो तऱ्हांच्या जुळण्या तपासून ते निम्म्याच्या वर नेले. बीजिंगमध्ये २०१८ साली चौदा जनुके पाच लांब जनुकांत गुंफून कोलायकडून काम करवून घेतले. तयार झालेले लांब प्रथिन मागाहून कापून सुटे करावयाचे, अशी ती योजना. या कामातही डिक्सनचे नाव आहे. १९७२ चा तो विद्यार्थी सेहेचाळीस वर्षांनीही त्याच ओळीपाशी होता. माद्रिदमध्ये रुबिओ याच्या गटाने २०१६ मध्ये विकराचा हमाल, म्हणजे लहान प्रथिन, यीस्टच्या मायटोकाँड्रियात चालता करून दाखवला. पेशीतल्या या जागी एटीपी मुबलक असतो आणि प्राणवायू सतत खर्च होत राहतो, म्हणून ती निवडलेली. हमाल चालला, पण पूर्ण पाळी अजून गव्हाच्या पेशीत उभी राहिलेली नाही.

बाजारात मात्र दुसरीच, सोपी वाट निघाली. पिकाला हात लावावयाचा नाही. मुळाशी राहणारा जंतूच बदलावयाचा. काम बंद पाडणारा जो दुसरा मुकादम, त्याचे जनुक काढून टाकले की शेतात खत असले तरी जंतू नत्र पकडत राहतो. अशा जंतूचे द्रव अमेरिकेत पिव्हट बायो या कंपनीने २०१९ पासून मक्यासाठी विकावयास काढले. तेथल्या विद्यापीठांच्या शेतांवरील चाचण्यांत त्याचा गुण एकसारखा दिसत नाही. बऱ्याच ठिकाणी उत्पन्नात फरक पडला नाही. याचे मला नवल वाटत नाही. मातीत आधीचे असंख्य जंतू ठाण मांडून असतात, आणि सतत राबणारा नवा जंतू त्यांच्याशी स्पर्धेत दुबळा पडतो.

परंतु येथे मालकीचा प्रश्न उभा राहतो आणि तो मला टाळता येत नाही. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आनंद चक्रवर्ती या आपल्याच देशातून गेलेल्या संशोधकाच्या खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, बदललेल्या जंतूवर पेटंट घेता येते असे ठरवले. आपल्या कायद्यानेही २००२ च्या दुरुस्तीनंतर झाडे व प्राणी पेटंटबाहेर ठेवले, सूक्ष्मजीवांना तेवढे वगळले. याउलट राहुरीच्या कृषी विद्यापीठासारख्या संस्था रायझोबियमचे पाकीट शेतकऱ्याला थोडक्या पैशांत देतात. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळले, सावलीत सुकवले आणि पेरले, की झाले. त्यातला जंतू कोणी घडवलेला नाही. चांगल्या गाठींतून निवडून वाढवलेला आहे. एवढे मात्र पाहावे की पाकीट ज्या पिकाचे त्याच पिकाला वापरले, मुदत संपलेली नाही आणि दुकानदाराने ते उन्हात ठेवलेले नाही. सोयाबीनचा जंतू हरभऱ्याच्या कामाचा नाही. या क्षेत्रात पुढे जे मिळेल ते पाकिटाच्या रीतीने मिळणार की परवान्याच्या, हे प्रयोगशाळेत ठरणार नाही. त्यासाठी शेतकऱ्यांनी आणि आपण आतापासून बोलले पाहिजे, खत संपल्यावर नव्हे.

आता अगदी अलीकडची एक गोष्ट सांगून पुरे करतो. कॅलिफोर्नियातल्या जोनाथन झेर याला १९९८ मध्ये पॅसिफिक महासागराच्या पाण्यात नत्र पकडणाऱ्या एका अज्ञात जीवाणूच्या जनुकाचा तुकडा सापडला होता. जीवाणू दिसत नव्हता. जपानात कोची येथील क्योको हागिनो ही संशोधिका एका सूक्ष्म शैवालाच्या मागे होती. ते प्रयोगशाळेत जगेना, म्हणून तिने दहाहून अधिक वर्षे, तीनशेच्या वर फेऱ्या करून समुद्राचे पाणी आणले, तेव्हा ते वाढवता आले. झेरचा जीवाणू त्या शैवालाच्या पोटात होता. २०२४ मध्ये या मंडळींनी जाहीर केले की तो आता पाहुणा राहिलेला नाही. तो त्या पेशीचा एक अवयव झाला आहे. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी तो आत आला असावा. त्याला लागणाऱ्या प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मी शैवाल आपल्या जनुकांवरून करून त्याला पुरवते. क्ष-किरणांच्या चित्रांत असे दिसते की शैवालाची पेशी दुभंगण्याच्या आधी हा अवयव दुभंगतो, आणि दोन्ही लेकींच्या वाट्याला एकेक येतो.